रिकाम्या घरातली चूल

अमेरिकेत, डाकोटात आलो तो पहिला हिवाळा आम्ही सगळ्यांनी एकाच घरात काढला. घर म्हणजे काय, गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून एकावर एक रचलेले, वर फांद्या आणि त्यावर पुन्हा माती. त्यात माझी आई फिलिपिना, थोरला भाऊ गॉटलीब, त्याची बायको रोझिना, त्यांची चार मुलं, धाकटा भाऊ याकोब, त्याची नवी नवरी ओटिलिया, आणि लग्नाची राहिलेली मी. एवढ्या माणसांत चूल एकच, आणि त्या चुलीवर राज्य रोझिनाचं.

ते तिनं कमावलेलं होतं. काळ्या समुद्राकाठचं गाव सोडून आम्ही बोटीत बसलो तेव्हा तिसऱ्या दिवसापासून सगळे आडवे पडलेले, आणि ही एकटी उभी. एका काखेत स्वतःचं तान्हं, दुसऱ्या हातात आईसाठी बादली. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "रोझिना होती म्हणून जमीन दिसली. नाहीतर आम्ही माशांच्या पोटात गेलो असतो." हे ऐकताना रोझिना पाठ फिरवून काहीतरी ढवळत असायची, पण तिचे कान लाल झालेले मला दिसायचे.

वसंतात घरं वेगळी करावी लागली. भांडण होऊन नव्हे, सरकारची अटच तशी होती. ज्याच्या नावावर जमीन, त्यानं त्याच जमिनीवर घर बांधून राहायचं, पाच वर्षं कसायचं, मग ती त्याची. विधवेलाही स्वतःच्या नावानं जमीन मिळत होती. म्हणून एक तुकडा गॉटलीबचा, एक याकोबचा, एक आईचा. भाऊ काही खुळे नव्हते. तिघांचे कोपरे जिथं एकमेकांना भिडतात अशीच जागा त्यांनी शोधली आणि तिन्ही घरं त्या कोपऱ्याशी बांधली, ज्याचं त्याच्या हद्दीत. गॉटलीब त्याच्या घरात शिंकला की आई तिच्या घरातून "देव भलं करो" म्हणायची, इतकी ती जवळ. मला टेकडीपलीकडचा फ्रीडरिश मिळाला आणि मी तिकडं गेले.

एका चुलीच्या तीन चुली झाल्या, आणि रोझिनाच्या हातातून काय निसटलं ते तिला हळूहळू कळायला लागलं.

आधी विहिरीचं झालं. गॉटलीबनं खणली, तर पाणी इतकं खारट-कडू की बैल तोंड लावून मागं सरायचे. याकोबच्या विहिरीला पाणीच नाही. गोड पाणी लागलं ते आईच्या जमिनीत. तिघांनी तिथंच भरायचं ठरलं, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. पण सकाळी पाण्याला जावं तर ओटिलिया आधीच तिथं, आणि आई विहिरीच्या काठाशी बसून तिच्याशी बोलतेय. रोझिना आली की दोघी गप्प व्हायच्या. निदान रोझिनाला तसं वाटायचं.

ओटिलिया किडकिडीत होती. हसताना तोंडावर हात धरायची. तिनं थापलेल्या शेणाच्या विटा वाळल्या की भुगा व्हायचा, आणि ज्या माळावर मैलोन्‌मैल झाड नाही तिथं जळण नीट न जमणारी बाई म्हणजे कौतुकाची गोष्ट नव्हे. पण तिच्या हाताला पीठ ऐकायचं. ती पोळी लाटायची ती इतकी पातळ की खालच्या लाकडाच्या रेघा दिसाव्यात, आणि मग कातरून शेवया. आईला त्या आवडायच्या. आधी आई संध्याकाळी रोझिनाकडं जेवायची. मग एक दिवसाआड. मग रविवारीच.

"वन्सं, खरं सांगा," रोझिना मला म्हणाली, "माझ्या हातच्या शेवया काय दोरखंड असतात?"

"नाही गं वहिनी."

"मग तुमच्या आईला तिच्याच कशा गिळवतात?"

"तुझ्याकडं चार पोरं. कालवा असतो. म्हातारं माणूस शांत जागा बघतं."

"बोटीवर पोरं नव्हती वाटतं? तेव्हा बरी माझी मांडी लागली उशाला."



पुढं शालीचं झालं. आईची काळी लोकरीची शाल, कडेला लाल फुलं, तिच्या लग्नातली. एका रविवारी प्रार्थनेला ओटिलिया आली ती ती शाल खांद्यावर घेऊन. रोझिनानं सबंध प्रार्थनेत पुस्तकाचं पान उलटलं नाही. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाली, "त्या शालीवरची ओकारी मी धुतलीय. खाऱ्या पाण्यात. बोटं सोलवटली होती माझी." आणि गाडीत चढून बसली.

खरं सांगायचं तर आईनं ती शाल दोघींनाही न देता पेटीत ठेवायला हवी होती. पण माझ्या आईला एक खोड होती. जो भक्कम दिसतो त्याला काही लागत नाही असं तिला वाटायचं.

तिसऱ्या वर्षी, पीक निघाल्यावर, आई रात्रीही ओटिलियाकडंच झोपायला लागली. का, ते कुणी सांगेना. याकोब विषय काढला की घोड्यांकडं जायचा. मी आईला विचारलं तर म्हणाली, "तुला तुझं घर आहे ना? ते सांभाळ." रोझिनानं विचारलंच नाही. ती सकाळी उठून खिडकीतून बघायची. आईच्या धुराड्यातून धूर नाही, आणि ओटिलियाच्या धुराड्यातून धूर. ते बघून तिचा दिवस सुरू व्हायचा.

मग तिनं एक गोष्ट सुरू केली. पहाटे स्वतःच्या घरची चूल पेटवली की ओच्यात शेणाच्या विटा भरायच्या, बर्फ तुडवत आईच्या रिकाम्या घरात जायचं आणि तिथली चूल पेटवायची. भाजलेल्या जवाची कॉफी उकळत ठेवायची, कोंबड्यांना दाणे टाकायचे, गादीवरची दुलई झटकून सारखी करायची. थोड्या वेळानं आई यायची, कॉफी प्यायची, "पाणचट झालीय" म्हणायची, दिवसभर तिथंच चरख्यावर लोकर कातायची, आणि उजेड मावळला की उठून ओटिलियाकडं.

"कशाला करतेस हा खटाटोप?" मी रोझिनाला म्हटलं.

"घर ऊबदार असलं तर माणूस का उठून जाईल?"

"पण ती जातेच ना."

"आज जाते. उद्याचं उद्या."

त्या हिवाळ्याची आठवण आमच्याकडचे लोक अजून काढतात. बर्फाच्या वादळात वाट दिसायची नाही, घरातून गोठ्यापर्यंत दोरी बांधून जावं लागायचं. रोझिना एकही दिवस चुकली नाही. तिच्या ओठांना चिरा पडल्या, एका पायाचं बोट काळं पडलं, तरी नाही. बघणाऱ्याला वाटावं की काय ही सून. मला तिच्या मनातलं ठाऊक होतं, म्हणून मला तिच्याकडं बघवायचं नाही.

एवढं करूनही तिचं तोंड काही तिच्या ताब्यात राहिलं नाही. बर्फ वितळायला लागल्यावर एका रविवारी बायका उन्हाला उभ्या होत्या. टोबियासची बायको, आमच्या उत्तरेला राहणारी, सहज म्हणाली, "तुझ्या सासूबाईंचं एकटीचं घर बरीक छान आहे हो. आणि पाणी तर साखर."

"कसलं घर," रोझिना म्हणाली. "कोंबड्या मोजायला येतात त्या तिथं. झोपायला धाकटीकडं. धाकटीशिवाय डोळा लागत नाही त्यांचा."

मी तिची बाही ओढली. पण बोललेलं काही परत येत नाही.

टोबियासचा चुलतभाऊ त्या वर्षी समुद्रापलीकडून यायचा होता आणि त्याला जमीन हवी होती. पेरण्या झाल्या न झाल्या तोच आईला जमीन कचेरीचं बोलावणं आलं. विधवा फिलिपिना आपल्या जमिनीवर राहत नाही, तिनं घर सोडलं आहे, तेव्हा तिचा हक्क काढून घ्यावा, अशी टोबियासची तक्रार होती. तिन्ही घरांचं पाणी त्या जमिनीत होतं. ती गेली तर भावांना गुरं घेऊन उठावंच लागलं असतं.

गॉटलीबला कुणीतरी सांगितलं की हे कुठून फुटलं. त्यानं बायकोवर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. तो तिच्याशी बोलेनासाच झाला. ताट पुढं आलं की खायचा आणि उठायचा. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तोंड आहे, उघडतं." ओटिलिया काहीच म्हणाली नाही. रोझिना मला म्हणाली, "तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढं सुखही ती मला देत नाही."

ठरल्या दिवशी आम्ही सगळे गाडीनं तालुक्याच्या गावी गेलो. कचेरी म्हणजे दुकानामागची एक खोली. साहेब इंग्रजी बोलणारा, तरुण, सर्दी झालेला. आमची भाषा त्याला सांगायला वेंडेलीन नावाचा दुकानदार बसवला होता. टोबियास समोरच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून, आमच्याकडं न बघता.

साहेबानं आईला विचारलं, "हिवाळ्यात तुम्ही कुठं झोपत होता?"

आई म्हणाली, "जिथं माझी गरज होती तिथं."

"म्हणजे कुठं?"

"धाकट्याच्या घरी."

"का?"

"ते मी सांगणार नाही."

वेंडेलीननं सांगायच्या आधी तिच्याकडं बघितलं. "आजी, नाही सांगितलं तर हे तुमच्या विरुद्ध जाईल."

"जाऊ दे. शब्द दिलाय."

याकोब खाली मान घालून बसला होता. साहेबानं नाक पुसलं आणि विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचं आहे का. मला वाटलं, आता संपलं. तेवढ्यात रोझिना उठली. गॉटलीबनं तिची बाही धरली. इतक्या दिवसांत त्यानं तिला पहिल्यांदा हात लावला. तिनं तो सोडवला.

"त्यांची चूल रोज पेटत होती," ती म्हणाली. "सगळा हिवाळा. धूर या टोबियासनंही बघितलाय, विचारा त्याला."

टोबियास म्हणाला, धूर बघितला, पण धूर म्हणजे माणूस नव्हे.

"चूल कोण पेटवायचं?" साहेबानं विचारलं.

इथं ती खोटं बोलू शकली असती. "सासूबाई" एवढा एक शब्द म्हणाली असती तरी कुणी हरकत घेतली नसती.

"मी," रोझिना म्हणाली.

"तुम्ही का?"

तिनं मागं वळून बघितलं. खोलीत आमच्या वस्तीतली बरीच माणसं होती, दाराशी उभी असलेली धरून.

"कारण मी जळत होते," ती म्हणाली. "त्या तिच्याकडं जातात हे मला बघवत नव्हतं. घर गरम ठेवलं तर त्या स्वतःच्या घरी राहतील असं मला वाटलं. माझ्याकडं नाही आल्या तरी चालतील, तिच्याकडं जायला नकोत."

वेंडेलीन अडला. त्यानं हळूच विचारलं, "बाई, हे असंच सांगू?"

"असंच सांग."

त्यानं सांगितलं. साहेबाला ऐकून खात्री पटली नसावी, त्यानं पुन्हा विचारलं. रोझिनानं पुन्हा सांगितलं, तेच, तशाच आवाजात. दाराशी कुणीतरी हसलं. "आणि त्या दिवसभर तिथंच असायच्या," ती पुढं म्हणाली. "मी केलेली कॉफी प्यायच्या आणि नावं ठेवायच्या. त्यांचा चरखा तिथं, त्यांची पेटी तिथं, त्यांच्या कोंबड्या तिथं. घर सोडलेलं माणूस कॉफीला नावं ठेवायला रोज येतं का?"

मग ओटिलिया उठली. तिचा आवाज एवढा बारीक की वेंडेलीनला पुढं वाकावं लागलं.

"आईंना मी बोलावलं होतं," ती म्हणाली. "पीक निघालं तेव्हा माझं मूल पोटातच गेलं. त्याच्या आधीही एक गेलं होतं. त्यानंतर मला नीट कळेनासं झालं. एका रात्री याकोब झोपेत असताना मी अनवाणी बर्फात निघून गेले, त्यांनीच शोधून आणलं. दिवसा ते लक्ष ठेवायचे, पण रात्री एकट्याचा त्यांना धीर होईना. मीच आईंना शपथ घातली, हे कुणाला सांगू नका म्हणून." तिनं रोझिनाकडं बघितलं. "जाऊबाईंना तर नाहीच."

साहेब थोडा वेळ लिहीत बसला. मग म्हणाला, आजाऱ्याची सेवा करायला शेजारच्या घरात झोपणं म्हणजे घर सोडणं नव्हे, आणि ज्या घरात रोज चूल पेटते आणि घरमालकीण दिवसभर बसते ते घर ओसाड म्हणता येणार नाही. तक्रार रद्द झाली. टोबियास टोपी घालून निघून गेला. त्याच्या चुलतभावाला पुढं पश्चिमेला जमीन मिळाली, आणि ती बरी होती असं ऐकलं.

परतीच्या वाटेवर आम्ही तिघी मागच्या फळीवर बसलो होतो, मी मध्ये. आई पुढं भावांपाशी. 

"मला का नाही सांगितलंस?" रोझिना शेवटी म्हणाली. माझ्या डोक्यावरून.

"जाऊबाई, तुमच्या घरातून पोरांचा आवाज यायचा ना," ओटिलिया म्हणाली, "तेव्हा मी खिडकीला चिंध्या कोंबायचे. चौघं भांडतायत, तुम्ही ओरडताय, कुणीतरी पडलं, रडलं. मी कानांवर उशी दाबायचे. तुम्ही कळवळून जवळ आला असता तर मला ते सोसलं नसतं. दुसऱ्या कुणाचं चाललं असतं. तुमचं नाही."

"म्हणजे तूपण जळत होतीस," रोझिना म्हणाली.

"मी तुमच्याआधी."

 घर दिसायला लागल्यावर रोझिना म्हणाली, "विटा मी थापून देत जाईन तुला. तुझ्या विटांनी नुसता धूर होतो." आणि थोड्या वेळानं, "शेवया मात्र मी शिकणार नाही तुझ्याकडून. आधीच सांगते."

त्या दोघींचा मत्सर तिथं संपला असं मी म्हणणार नाही. रोझिनानं त्या उन्हाळ्यात ओटिलियाच्या विटा थापल्या हे खरं. पण पुढच्या वर्षी ओटिलियाला मुलगी झाली, आणि आईच्या नावावरून तिचं नाव फिलिपिना ठेवलं, तेव्हा रोझिना बारशाच्या जेवणातून पोट दुखतंय म्हणून उठून गेली. तिला तीन मुली होत्या आणि आईचं नाव तिनं एकीलाही दिलेलं नव्हतं, पण ते तिला तेव्हा आठवलं नाही. मग ओटिलियाला वाटायचं की पोरगी आपल्यापेक्षा थोरल्या काकूच्या मागं जास्त लागते. ते खरंच होतं. त्यावरून ती तोंड फुगवायची. आईनं मात्र त्या दिवसानंतर एक केलं. संध्याकाळी ती कुणाकडंच जाईना. "ज्यांना माझं तोंड बघायचंय त्यांनी इकडं यावं," म्हणाली. दोघी आपापली भांडी घेऊन जायच्या, आणि आई दोघींच्या भांड्यातलं मोजून-मापून सारखं घ्यायची. म्हातारपणी ती शिकली.

पाच वर्षं भरली, जमीन आईच्या नावावर पक्की झाली. त्यानंतर काही वर्षांनी ती गेली. अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा तिनं मला जवळ बोलावलं.

"सालोमे, ही जमीन मी तुझ्या नावावर केलीय."

मी म्हटलं, "आई, हे काय? भावांचा हक्क आहे. वहिन्यांनी तुझं सगळं केलं."

"म्हणूनच. एकीला दिली तर दुसरी जळेल. अर्धी अर्धी केली तर कुणाचा अर्धा मोठा यावर जळतील. तुला दिली तर दोघी जळतील, पण एका बाजूला बसून."

मला वाटलं, तापात बोलतेय.

ती गेल्यावर आम्ही, मी आणि फ्रीडरिश, आमची टेकडीपलीकडची जमीन दिराला देऊन आईच्या घरात राहायला आलो. भावांनी काही कुरकूर केली नाही, पाणी पूर्वीसारखंच सगळ्यांचं होतं. पहिल्याच संध्याकाळी दोघी भावजया आल्या. मिळून आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एका वाटेनं येताना बघितलं नव्हतं. एकाच बाकावर बसल्या. मी कॉफी पुढं ठेवली.

रोझिनानं घोट घेतला, ओटिलियाकडं बघितलं. ओटिलियानं घेतला, रोझिनाकडं बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही वन्सं," ओटिलिया म्हणाली. "आईंच्या वेळी अशी नसायची."

"चुलीला नव्या हाताचं ऐकायला वेळ लागतो," रोझिना म्हणाली. "होईल सवय. घर तुमचंच आहे आता."

दोघींनी पेले तसेच ठेवले आणि उठल्या. मी दारापर्यंत गेले. अंगणात थोडं पुढं गेल्यावर ओटिलियानं रोझिनाच्या दंडात हात अडकवला, आणि रोझिनानं तो अडकवू दिला. ओटिलिया काहीतरी बोलली. रोझिना हसली, मोठ्यांदा, बोटीवर निघायच्या आधी आमच्या गावात हसायची तशी. मग दोघी गॉटलीबच्या घरात शिरल्या आणि दार लागलं.

मी बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिले. याकोबच्या घरात दिवा लागण्याची वाट बघत होते, म्हणजे कळलं असतं की ओटिलिया आपल्या घरी गेली. तो काही लागला नाही. फ्रीडरिश आतून म्हणाला, थंडी येतेय, दार लाव.

"लावते," मी म्हटलं, आणि तशीच उभी राहिले.